मी पुसलेलं फोल्डर

ज्या बाईचं आठ वर्षांचं काम मी पुसून टाकलं, तिला मी त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. ती खिदिरपूरला राहते, मी डमडमला. मध्ये अख्खं कोलकाता आहे. आमची गाठ पडली ती माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे, आणि ती चूक करताना मला वाटत होतं की मी लोकांची सोय करतेय.

नवऱ्याची इथे बदली झाली तेव्हा मी पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडली. तो केंद्र सरकारच्या नोकरीत, बंदरावर कस्टम्समध्ये. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. वर्षभरात ती खालच्या मजल्यावरच्या काकिमांशी अस्सल बंगालीत भांडायला लागली. मला मात्र दुपारी बोलायला कोणी नव्हतं. बदलीच्या गावात नोकरी शोधायची आणि तीन वर्षांनी पुन्हा सोडायची, याचा मला आधीच कंटाळा आला होता. मग मी कॉलेजातली जुनी सवय पुन्हा धरली, कॉम्प्युटरवर खेळ खेळायची. मारामारीचे नाहीत. गाव वसवायचं, शेत पिकवायचं, रेल्वे चालवायची, असले निवांत खेळ.

हे खेळ इंटरनेटवरच्या दुकानांतून विकत घ्यावे लागतात. प्रत्येक दुकानाचा स्वतःचा एक प्रोग्रॅम असतो. तो आधी सुरू करायचा, मग त्याच्या आतून आपला खेळ. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तो प्रोग्रॅम उघडायलाच पाच मिनिटं घ्यायचा. मग तो स्वतःलाच अपडेट करत बसायचा, जाहिराती दाखवायचा, लॅपटॉप तव्यासारखा तापवायचा. शेवटी खेळ सुरू होईपर्यंत मुलीच्या शाळेच्या बसची वेळ व्हायची. त्यात माझे खेळ तीन वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेले, म्हणजे तीन असले प्रोग्रॅम.

तेव्हा मला एक फुकटचा, छोटासा प्रोग्रॅम सापडला. काही हौशी लोकांनी मिळून केलेला. आपल्याच खात्यानं आत जायचं, तिन्ही दुकानांतले आपले खेळ एका यादीत दिसतात, हवा तो उतरवून घ्यायचा, नको तो काढून टाकायचा. बस्स. पंधरा सेकंदांत उघडायचा.

नवऱ्यानं पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं, "हे चोरीचं नाही ना? मी सरकारी नोकर आहे."

"खेळ विकत घेतलेलेच आहेत. फक्त दुकानाच्या पुढच्या दारानं न जाता बाजूच्या दारानं जायचं."

"बाजूच्या दारानं जाणाऱ्यांनाच आम्ही बंदरावर पकडतो," तो म्हणाला.

त्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी नावाचं फोल्डर चालत नसे. मी ते दुरुस्त करून पाठवलं. मग आणखी एक गोष्ट दुरुस्त केली, मग आणखी एक. दोन वर्षांत मी त्याच्या तिघा सांभाळणाऱ्यांपैकी एक झाले. बाकीचे दोघे, एक पोर्तुगालमध्ये आणि एक ब्राझीलमध्ये. त्यांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत. पण जगभरातून लोक लिहायचे की तुमच्यामुळे आमचं जुनं मशीन पुन्हा कामाला आलं, आणि ते वाचलं की माझा दिवस बरा जायचा. पुण्याची नोकरी सोडल्यानंतर 'आपल्याला काही येतं' असं मला तिथेच वाटायचं.

लोकांची एक तक्रार जुनी होती. खेळ उतरवायला घेतला आणि मध्येच 'रद्द' केला, तर अर्धवट उतरलेल्या फाइली तशाच पडून राहायच्या, डिस्क भरायची. ते साफ करायचं काम मी अंगावर घेतलं. रद्द केलं की खेळासाठी निवडलेलं फोल्डर रिकामं करायचं, इतकं सोपं. मी दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा नीट चाललं. त्या आठवड्यात मुलीला ताप होता. पोर्तुगालच्या माणसानं वरवर नजर टाकून 'ठीक' म्हटलं, आणि शुक्रवारी मी नवी आवृत्ती सगळ्यांसाठी सोडली.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या तक्रारींच्या पानावर एक ओळ आली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली हिंदी: 'आप का प्रोग्राम मेरा सब कुछ खा गया.'

अशी वाक्यं अधूनमधून येतात. बहुतेक वेळा माणसानं दुसरंच काही दाबलेलं असतं. मी चहाचा कप हातात धरूनच विचारलं, काय झालं ते सविस्तर सांगा. उत्तर लगेच आलं. खेळ उतरवायला घेतला होता. फोल्डर निवडताना चुकून कामाचं फोल्डर निवडलं गेलं. चूक लक्षात आली, म्हणून लगेच रद्द केलं. मग दुसरं फोल्डर निवडून खेळ पुन्हा उतरवला. आज सकाळी कामाचं फोल्डर उघडलं तर आत काहीच नाही.

मी ते दोनदा वाचलं. मग कप खाली ठेवला.

लॅपटॉपवर मी एक नवं फोल्डर केलं. त्यात मुलीचे तीन फोटो टाकले. आमचा प्रोग्रॅम उघडला, एक खेळ उतरवायला घेतला, जागा म्हणून तेच फोल्डर दिलं. उतरवणं सुरू झालं. मी 'रद्द' दाबलं. फोल्डर उघडलं.

रिकामं.

दहा वेळा मी करून पाहिलं होतं ते दरवेळी नव्या, कोऱ्या फोल्डरवर. आत आधीपासून कुणाचं काही असेल, हा विचार माझ्या मनात एकदाही आलेला नव्हता. मी लिहिलेल्या चार ओळी आतलं सगळं, कुणाचंही असो, पुसत होत्या. आणि शुक्रवारपासून त्या चार ओळी जगभर पसरत होत्या.

आधी मी ती आवृत्ती मागे घेतली. पानाच्या वरती मोठ्या अक्षरांत लिहिलं की ही वापरू नका. पोर्तुगालमध्ये अजून उजाडत होतं, तरी मी त्या माणसाला उठवलं. त्यानं सगळं वाचलं आणि लिहिलं, 'वापरण्याच्या अटींत पहिल्यापासून स्पष्ट आहे, आम्ही कसलीच हमी देत नाही. तू कायद्यानं बांधील नाहीस. दिलगिरी व्यक्त कर, पण जास्त लिहू नकोस.'

तो काही वाईट माणूस नाही. त्याचं म्हणणंही खरं होतं. पण मी तोवर त्या बाईला माझा फोन नंबर पाठवला होता.

तिचा फोन पाच मिनिटांत आला. मागे कसला तरी खडखडाट चालला होता. ती हिंदीत बोलत होती, माझ्यापेक्षा कितीतरी सुंदर हिंदीत.

"तुम्ही कंपनीतून बोलताय?"

"कंपनी नाहीये. पण त्या प्रोग्रॅमचं काम बघते मी. कॉम्प्युटर चालू आहे का?"

"चालू आहे."

"आत्ताच्या आत्ता बंद करा. प्लगच काढा."

"का? अजून काय जायचं राहिलंय?"

मी तिला भराभर समजावलं. फाइल पुसली जाते तेव्हा फक्त तिचं नाव जातं. आतलं असतं ते डिस्कवर तसंच राहतं, त्याच जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून आता त्या डिस्कवर काहीही लिहिलं जाता कामा नये.

"पण माणूस यायचाय," ती म्हणाली. "माझ्या सुनेनं बोलावलाय. तो म्हणाला, सगळं पुसून नवीन सिस्टीम टाकतो, मग नीट होईल."

"नाही! त्याला हात लावू देऊ नका. मग काहीच परत मिळणार नाही."

"तुमचं का ऐकू मी?" तिचा आवाज चढला. "खाल्लं तुमच्याच प्रोग्रॅमनं, आणि आता तुम्हीच सांगताय हे करू नका, ते करू नका? शनिवारी माझा माल जायचाय. खिदिरपुरात माझ्या ओळखीचा एकच माणूस आहे हे काम करणारा, तो येतोय."

खिदिरपूर म्हणजे इथलंच. "मी कोलकात्यातच असते," मी म्हटलं. "डमडमला. मी येते. पत्ता पाठवा."

पलीकडे फक्त खडखडाट. मग ती म्हणाली, "या." आणि फोन ठेवला.

पत्ता आला. नंतर मी तीन वेळा फोन केला, तिनं एकदाही उचलला नाही. मी बॅगेत लॅपटॉप, एक रिकामी मोठी डिस्क आणि डिस्क बाहेरून जोडायची वायर टाकली. खाली काकिमांना सांगितलं की मुलगी आली की तुमच्याकडे ठेवा.

मेट्रोच्या फलाटावरून नवऱ्याला फोन केला. तो ऐकून घेत राहिला, मग म्हणाला, "एकटी जाऊ नकोस. संध्याकाळी मी येतो, दोघं जाऊ."

"संध्याकाळपर्यंत तो माणूस डिस्क पुसून मोकळा होईल."

"मग एक ऐक. मदत करायला आलेय म्हण. ते तूच लिहिलंस, हे सांगू नकोस. तिथे दहा माणसं गोळा झाली तर काय करशील?"

मी 'बरं' म्हटलं. खरंच तसं ठरवलंही. रवींद्र सदनपर्यंत मेट्रोत बसून मी मनात वाक्यं जुळवत होते. मी त्या टीमला ओळखते. मी अशा कामात मदत करते. एकही वाक्य धड खोटं नव्हतं.

तिथून बस घेतली. दुर्गापूजा जवळ आली होती, रस्त्याच्या कडेला मंडपांचे बांबू उभे राहत होते आणि अर्धा रस्ता त्यांनीच खाल्ला होता. बस हलेना. भाद्रपदातला उकाडा, खिडकीतून वारा नाही. मी पुन्हा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मेसेज केला: 'कृपा करून त्याला थांबवा.' तो पोचला, पण वाचला गेला नाही. पुढच्या सिग्नलला मी उतरले आणि चालत सुटले. बॅग खांद्याला कापत होती. डोक्यात एकच हिशेब: त्यानं सुरुवात केली असेल तर किती झालं असेल?

तिचं घर एका गल्लीत, तळमजल्यावर. तो खडखडाट मला लांबूनच ऐकू आला. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत भरतकामाची दोन मोठी मशीनं भिंतीला लागून, एक चालू होतं. त्या आवाजात फोन ऐकू येणं शक्यच नव्हतं. कोपऱ्यात टेबलावर कॉम्प्युटर, त्याचं एका बाजूचं झाकण काढलेलं, आणि पुढे चाळिशीचा एक माणूस खुर्चीवर बसलेला. पडद्यावर निळा चौकोन होता. त्याचा हात माऊसवर होता.

"थांबा!" मी ओरडले. मराठीतच ओरडले.

तो दचकून वळला. मशीनही थांबलं. मशीनच्या मागून एक उंच, पन्नाशीची बाई पुढे आली. केसांना तेल, गळ्यात मोजपट्टी, चष्मा कपाळावर चढवलेला.

"पुसलं का?" मी त्या माणसाला विचारलं.

"आता विचारतंय, पुसू का म्हणून," तो म्हणाला. "तुम्ही कोण?"

"नाही म्हणा. कृपा करून नाही म्हणा, आणि बंद करा."

त्यानं बाईकडे पाहिलं. बाईनं माझ्याकडे. मी घामानं थबथबलेली, धाप लागलेली. ती त्याला म्हणाली, "बंद कर. ही फोनवाली."

त्या माणसाला राग आला होता, पण मी डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला कशी जोडली, त्या डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही अशी सोय कशी केली, ते पाहिल्यावर तो खुर्ची ओढून बाजूला बसला. "जुनी फिरणारी डिस्क आहे, नशीब," तो म्हणाला. "नव्या प्रकारची असती तर केव्हाच गेलं असतं." मला ते माहीत होतं. तरी कुणीतरी बोलून दाखवलं म्हणून बरं वाटलं.

शोध सुरू झाला. पडद्यावर एक हिरवी पट्टी, एक टक्का. खाली लिहिलं होतं, साधारण चार तास.

बाईनं मला पाणी दिलं. मग तिनं सांगितलं, कुणी न विचारताच. आठ वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याचा हात कारखान्यात गेला. तोवर ती हातानं जरीकाम करत असे. तिनं हे मशीन घेतलं आणि डिझाइन कॉम्प्युटरवर काढायला स्वतः शिकली. एकेक टाका कुठून कुठे जायचा ते सगळं ती आखायची. बाजारात तयार डिझाइनं मिळतात, पण तिची तिची असायची, म्हणून व्यापारी तिच्याकडे यायचे. शनिवारची ऑर्डर एका पाड्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, पूजेतल्या बायकांच्या साड्यांची होती, पदरावर प्राजक्ताची वेल. इथे शिउली म्हणतात.

"आणि खेळ?" मी विचारलं.

ती पहिल्यांदाच थोडी ओशाळली. "शेतीचा एक खेळ आहे. मशीन चालू असताना बसून राहावं लागतं ना, दोरा तुटला तर बघायला. तेव्हा खेळते. दुकानाचा जो प्रोग्रॅम होता त्यानं हा कॉम्प्युटर अडकायचा, डिझाइनचं कामही अडकायचं. मग सुनेनं हा दुसरा टाकून दिला. हलका आहे म्हणाली." ती थांबली. "ज्यानं बनवला तो शिकलेला माणूस असेल ना? मग 'रद्द' म्हणजे रद्द, एवढं कळू नये त्याला? मी चुकले होते, म्हणून तर रद्द केलं."

पट्टी नऊ टक्क्यांवर होती. मेट्रोत जुळवलेली वाक्यं माझ्यापाशी तयार होती. त्यातलं एक मी तोंडात घेतलं, आणि ते बाहेर येईना.

"तो भाग मी लिहिलाय," मी म्हटलं.

तिला कळलं नाही. "म्हणजे?"

"रद्द केल्यावर फोल्डर पुसणारा भाग. माझ्याच हातचा आहे तो. आत दुसऱ्या कुणाचं काही असेल, हे माझ्या लक्षातच आलं नाही. कंपनी वगैरे नाही. मीच."

कॉम्प्युटरवाल्यानं मान वर केली. बाई उभी राहिली. मला वाटलं आता ती ओरडेल, आणि ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ती मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आतून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, मग तिचा, हळू आवाजात. मी त्या हिरव्या पट्टीकडे बघत बसले. निघून जा म्हणाली तर काय करायचं? डिस्क मध्येच काढायची?

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. हातात मोबाइल होता.

"तुमचं ओळखपत्र द्या."

मी दिलं. तिनं पुढून मागून फोटो काढला. "घरचा पत्ता लिहा. नवरा कुठे काम करतो तेही."

मी तिच्या ऑर्डरच्या वहीत लिहून दिलं. तिनं ते वाचलं, माझ्या ओळखपत्राशी ताडून पाहिलं. "आता सांगा," ती म्हणाली, "जे राहिलंय तेही तुम्ही पुसणार नाही, यावर मी विश्वास का ठेवू?"

"ठेवू नका," मी म्हटलं. "इथे माझ्या शेजारी बसा. प्रत्येक गोष्ट करण्याआधी मी तुम्हाला सांगेन, यांनाही दाखवेन. तुम्ही हो म्हणाल तरच करेन."

ती बसली.

साडेतीनला मुलीचा फोन आला. "आई, काकिमांनी लुची दिली. मला खिदे नाही लागली. तू आस्ते आस्ते ये." लुची म्हणजे मैद्याची पुरी, आणि भुकेला ती खिदेच म्हणते. बाईनं ते ऐकलं. "मुलगी?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

पाचच्या आसपास पट्टी भरली. फाइली मिळत होत्या, पण नावं गेली होती, नुसते आकडे होते. मी एकेक उघडायची, ती चष्मा खाली ओढून बघायची आणि सांगायची. हा लग्नाचा काठ. हा शंख, तीन वर्षांपूर्वीचा. हे माझं नाही, कशाचा तरी तुकडा आहे. काही उघडायच्या आणि अर्ध्यावर टाके वेडेवाकडे पसरायचे, कुणी दोऱ्याचं रीळ फेकून दिल्यासारखे. अशी एक आली की ती नुसती "पुढे" म्हणायची. एकदा मात्र ती पडद्याकडे बघतच राहिली. एक साधा आंबा होता, खालचा भाग नसलेला. "हे मी पहिलं काढलं होतं," ती म्हणाली. आणि मग, "पुढे."

शेवटपर्यंत आलो तेव्हा बरंचसं मिळालं होतं. शिउलीची वेल नव्हती. पुन्हा पाहिलं, तरी नव्हती. मला कारण कळत होतं. रद्द केल्यावर तिनं तो खेळ दुसऱ्या फोल्डरमध्ये पुन्हा उतरवला होता, आणि सगळ्यात नव्या फाइलच्या जागेवर नेमका तोच जाऊन बसला होता. मी तिला ते सांगितलं. तिनं डोळे मिटले.

"अकरा साड्या बाकी आहेत," ती म्हणाली. "ती वेल काढायला मला नऊ दिवस लागले."

कॉम्प्युटरवाला म्हणाला, "दीदी, मशीनला डिझाइन देता कशानं?"

"पेनड्राइव्हनं. पण त्यात काही नाही. दर रविवारी मी तो साफ करते."

तो माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे. साफ करते म्हणजे पुसते. पुसलेलं म्हणजे तिथेच असलेलं.

"त्यानंतर त्यावर काही टाकलं?" मी विचारलं.

"एक काठ टाकला, छोटा. शनिवारच्या ऑर्डरची वेल मशीनच्या आत भरून घेतली होती, पण काल वीज गेली तेव्हा मशीनमधलंही उडालं."

पेनड्राइव्ह लहान, शोध सात मिनिटांचा. चौदा फाइली निघाल्या. सहावी उघडली आणि पडद्यावर खालून वर एक वेल चढत गेली, पांढरी फुलं, केशरी देठ.

तिनं पडद्याला बोट लावलं. "हीच. पण जुनी आहे. मी नंतर वळण बदललं होतं, इथे एक पान घातलं होतं."

"किती वेळ लागेल?"

"पानाला? तासभर." ती उठलीच होती. "आधी शिवून बघते. पडद्यावर सगळं बरंच दिसतं."

तिनं जुन्या कापडाचा तुकडा फ्रेममध्ये ताणला. मशीन सुरू झालं. सुई धडधडत खाली-वर होत होती आणि मी दर टाक्याला वाट बघत होते की आता घसरेल, आता रीळ पसरेल. पहिलं फूल झालं. दुसरं. एका ठिकाणी दोरा उगाच लांब उडी मारून गेला. तिनं मशीन थांबवलं, वाकून पाहिलं, "हे मी नीट करते" म्हणाली आणि पुन्हा सुरू केलं. वीस मिनिटांनी तिनं कापड बाहेर काढलं, उलट बाजूनं बोट फिरवून पाहिलं आणि मान हलवली. मला रडू आलं. मी बॅग आवरायचं निमित्त करून पाठ फिरवली.

पत्ता मी नवऱ्याला पाठवला होता. तो ऑफिसातून थेट तिथे आला, ऑफिसच्या शर्टातच, दारात उभा. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, तो दहा माणसांची तयारी करून आला होता. बाईनं त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "कस्टम्स?" तो गांगरला. "हो." "वहीत लिहिलंय," ती म्हणाली. माझी मोठी डिस्क मी तिच्याकडेच ठेवली, सगळ्या फाइलींची एक प्रत त्यात टाकून. आभार तिनं मानले नाहीत, आणि मी त्याची वाटही बघितली नाही.

बसमध्ये त्यानं विचारलं, "सांगितलंस?"

"हो."

"मी सांगितलं नसतं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या पानावर सगळं लिहिलं. चूक कोणती, कुणाची, कशी झाली, आणि कुणाचं काही गेलं असेल तर कॉम्प्युटर ताबडतोब बंद करा. पोर्तुगालच्या माणसानं त्याखाली आपलंही नाव जोडलं, कारण 'ठीक' त्यानंच म्हटलं होतं. आणखी काही जणांनी लिहिलं. कुणाचे गाण्यांचे संग्रह गेले होते, एकाचे आईचे फोटो. त्यांच्यातल्या सगळ्यांचं परत आलं नाही. एकानं मला जे लिहिलं ते मी नवऱ्यालाही दाखवलं नाही. त्या माणसालाही मी उत्तर दिलं.

नवा भाग मी तीन आठवड्यांनी लिहिला. आता प्रोग्रॅम स्वतः उतरवलेल्या प्रत्येक फाइलची यादी ठेवतो आणि रद्द केल्यावर फक्त यादीतलंच पुसतो. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही. तो सोडण्याआधी तिघांनीही तपासला, भरलेल्या फोल्डरवर. तरी आवृत्ती सोडायचं बटण दाबताना माझं बोट थांबलं होतं.

त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी तिचा दोनच शब्दांचा मेसेज आला होता: 'माल गेला.' पूजेनंतर तिनं स्वतःहून फोन केला, सगळ्याची दुसरी प्रत कशी ठेवायची ते शिकवायला बोलावलं. मी गेले. तिनं ते वहीत पायरीपायरीनं लिहून घेतलं आणि माझ्यासमोर दोनदा करून दाखवलं. आमचा प्रोग्रॅम तिनं कॉम्प्युटरवरून काढून टाकला होता. शेतीचा खेळही. नवी आवृत्ती टाकून देऊ का, हे विचारायचं माझ्या मनात आलं होतं. मी विचारलं नाही.